‘तोंड’ लिहिताना या चुका टाळा

मुद्रितं तपासताना काही शब्द दिसले की मी थांबतोच. त्यात ‘तोंड’ पहिला. चूक शुद्धलेखनाची नसते, त्यामुळे संगणक लाल रेघ मारत नाही आणि लिहिणारा निर्धास्त असतो.

सगळ्यांत डोक्यात जाणारी चूक म्हणजे ‘तोंड’ गावंढळ समजून त्याचं ‘मुख’ करणं. हा समज कुठून आला देव जाणे. मूळ शब्द संस्कृतातला ‘तुंड’. गणपतीला वक्रतुंड म्हणताना कोणी नाक मुरडत नाही. पण शिष्ट लिहिण्याची हौस दांडगी. एका दिवाळी अंकात पाककृतींचा विभाग एका नव्या मुलाकडे होता. त्यानं मजकूर न वाचताच ‘तोंड’च्या जागी ‘मुख’ टाकून ‘रिप्लेस ऑल’ दाबलं आणि चहाला गेला. ‘मुखाला पाणी सुटेल’, ‘मुखी लावायला लोणचं’ इथवर वाचक हसून सोडून देईल. पण पुढे लग्नातला मसालेभात होता, आणि त्यात पडतात तोंडली. छापायला निघालेल्या पानावर वाक्य होतं, ‘पाव किलो कोवळी मुखली उभी चिरून घ्यावीत.’ त्याखाली शीर्षक, ‘मुखल्याच्या काचऱ्या’.

चूक दाखवल्यावर पोरानं काय करावं? उलटं ‘रिप्लेस ऑल’. तोंडली परत आली खरी, पण विड्याच्या कृतीत ‘तोंडशुद्धी’ झाली आणि प्रत्येक पाककृतीवर ‘प्रमुख साहित्य’ होतं त्याचं ‘प्रतोंड साहित्य’. वर मला म्हणतो, ‘सर, पाच मिनिटांत करतो ना!’ त्याची पाच मिनिटं निस्तरायला आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत मूळ प्रत घेऊन ओळ न् ओळ ताडत बसलो. ते बटण मी वापरत नाही. शब्द शोधतो, दर ठिकाणी थांबतो, आख्खं वाक्य मोठ्यानं वाचतो आणि मगच बदलतो. वेळ जातो. जाऊ दे.

दुसरी गोष्ट प्रत्ययांची. या शब्दात अर्थाची किल्ली बहुधा शेपटाला असते, आणि घाईत तेच वाचायचं राहून जातं. संकटाला तोंड देतात. तोंडात दिली तर ती थोबाडीत असते. तोंड आलं म्हणजे आतून सोलवटलंय, तिखट खाववत नाही. परीक्षा मात्र तोंडावर येते. तोंडी लावायला चटणी-कोशिंबीर असते, तोंडी लागतात ते भांडखोर शेजाऱ्याच्या. आणि ‘तोंडावर बोलला’, ‘तोंडी बोलला’, ‘तोंडदेखलं बोलला’ हे तीन वेगळे लोक आहेत: पहिला स्पष्टवक्ता, दुसऱ्यानं लेखी काही दिलं नाही, तिसऱ्यानं नुसतं बरं दिसावं म्हणून म्हटलं. एका मुलाखतीत ‘साहेबांनी तोंडदेखलं आश्वासन दिलं’ असं आलं होतं. लेखिकेला म्हणायचं होतं, समक्ष दिलं. साहेबांच्या कचेरीतून फोन यायचा तो आलाच.

‘आंदोलकांनी तोंड काळे केले’ म्हणजे आंदोलक तिथून निघून गेले, तेही बदनाम होऊन. दुसऱ्याला करायचं असेल तर ‘तोंडाला काळे फासले’ लिहा.

यजमानांनी पाहुण्यांच्या तोंडाला पाने पुसली, असं एका लग्नाच्या वृत्तान्तात होतं. विडे दिले हो, फसवलं नाही!

आता माझा जुना राग. दुष्काळाला, टीकेला, टंचाईला हल्ली सगळे ‘सामोरे’ जातात. सामोरं जायचं ते पाहुण्याला, वरातीला, पालखीला. पुढे होऊन स्वागत करायला. दुष्काळाला तोंड द्यावं लागतं. ‘सामोरे जाणे’ आता रुळलं आहे हे मला कळतं, तरी माझ्या हाताखालून जाणाऱ्या पानावर मी ते खोडतो. ज्याला पटत नसेल त्यानं दुसरा मुद्रितशोधक बघावा.

अडलं तर कोश उघडा. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात ‘तोंड’खाली वाक्प्रचारांची रांग लागलेली आहे, आणि दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश तर याच कामासाठी आहे. मोबाइलवर पहिला दिसेल तो अर्थ उचलून चिकटवणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो, तरी सांगतो.

अनुवाद करणाऱ्यांसाठी एक. ‘तोंड धुतलंस का?’ या वाक्याचं इंग्रजी करताना सगळे चेहरा धुऊन मोकळे होतात. आधी मागचं पान उलटून वेळ बघा. सकाळी उठल्याउठल्या आई विचारत असेल तर दात घासलेस का, असं विचारतेय. संध्याकाळी खेळून आलेल्या पोराला विचारलं असेल तरच चेहरा. आणि नुकतंच पानावरून उठला असेल तर बहुधा चूळ भरायची राहिली आहे.