पत्ता नसलेला निरोप: कॅनिंगच्या कारखान्यात जावास्पेस

मे उजाडला की पेटीचा भाव उतरतो आणि हापूस किलोवर कॅनिंगला जायला लागतो. देवगडकडच्या एका कारखान्याच्या फाटकावर तेव्हा रात्री उशिरापर्यंत टेम्पोंची रांग असते. भरलेलं वजन, बाद माल, रिकामं वजन, दर, पावती, बँकेत पैसे. ही सगळी कामं चार संगणकांवर चालत आणि त्यातला एक तरी कायम बंद. कधी लाइट नाही, कधी नेट नाही, कधी काट्यावरचा पोरगा जेवायला गेलेला. या चौघांना एकमेकांशी बोलतं करायचं काम माझ्याकडे आलं. पुण्यात नोकरीला असताना जावास्पेस, म्हणजे वेगवेगळ्या संगणकांवरच्या प्रोग्रामांनी निरोप मांडायची आणि उचलायची सामाईक जागा, वापरलं होतं, म्हणून इथेही तेच लावलं. त्या हंगामात जे धडे मिळाले ते लिहून ठेवते.

आधी कल्पना. क्यूला, म्हणजे निरोपांच्या रांगेला, नाव असतं आणि निरोप त्या नावाला पाठवायचा असतो. स्पेसमध्ये निरोपाला पत्ता नसतो, वर्णन असतं. बंदरावर बांगड्याचे वाटे मांडलेले असतात तसं. वाटा कोणासाठी ते त्यावर लिहिलेलं नसतं. ज्याला हवा तो उचलतो आणि मग तो दुसऱ्याला दिसत नाही. ही कल्पना येल विद्यापीठातल्या डेव्हिड गेलर्न्टरची, १९८०च्या दशकातल्या लिंडा या भाषेतली. जावा भाषा बनवणाऱ्या सन कंपनीने जिनी या प्रोग्राम जोडायच्या तंत्राबरोबर जावास्पेस आणलं तेव्हा त्यातल्या क्रिया राइट, रीड आणि टेक अशा झाल्या. राइट म्हणजे एंट्री (स्पेसमधला एक निरोप) मांडणं, रीड म्हणजे नुसतं बघणं, टेक म्हणजे उचलून नेणं. काटा बंद असला तरी मांडलेली एंट्री तिथेच राहते आणि तो चालू झाला की उचलतो. आम्हाला नेमकं हेच हवं होतं.

वर्णनावर सगळं चालतं, म्हणून एंट्रीच्या क्लासवर, म्हणजे तिच्या जावातल्या साच्यावर, वेळ घालवा. फील्ड (साच्यातले रकाने) पब्लिक हवीत, रिकामा कन्स्ट्रक्टर (काहीही न देता एंट्री तयार करणारा भाग) हवा आणि प्रत्येक फील्ड ऑब्जेक्ट हवं, म्हणजे इंट हा साधा आकडा नाही, इंटिजर. शोधताना तुम्ही त्याच क्लासचा एक नमुना देता आणि त्यात नल, म्हणजे रिकाम्या, ठेवलेल्या फील्डचा अर्थ ‘काहीही चालेल’ असा होतो. इंटला नल ठेवता येत नाही, म्हणून तो चालत नाही. याची उलट बाजू मला उशिरा कळली. ‘ज्यांचा दर अजून भरलेला नाही अशा एंट्री दे’ असं विचारताच येत नाही, कारण दराच्या जागी नल ठेवला की सगळ्याच एंट्री जुळतात. शेवटी ‘टप्पा’ नावाचं फील्ड घातलं: भरलेलं, बाद, रिकामं, दर, पैसे. प्रत्येक संगणक आपल्या टप्प्याची एंट्री उचलतो आणि काम झालं की पुढच्या टप्प्याची मांडतो. पावतीच्या प्रोग्रामात मी पहिल्या दिवशी टप्पा भरायला विसरले होते, तर त्याने काट्याच्या एंट्रीही उचलून नेल्या आणि अर्धा तास काटा रिकामा बसला.

जुळवणी इक्वल्सने (जावातल्या नेहमीच्या तुलनेने) होत नाही, फील्डच्या सीरियलाइज केलेल्या, म्हणजे बाइट्समध्ये बदललेल्या, रूपांवर होते. बिगडेसिमल या दशांश आकड्यांच्या प्रकारातले ४२.५ आणि ४२.५० हे स्पेसच्या लेखी वेगळे. मराठीत याची आणखी एक खोड आहे. ज्या आडनावात ‘ऱ्ह’ आहे ते एका कीबोर्डवर अखंड ‘ऱ’ने उमटतं, तर दुसऱ्यावर ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन अक्षरांनी. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण युनिकोडच्या क्रमात वेगळी असतात. एका बागायतदाराची नोंद फाटकावर दिसे आणि हिशेबाच्या टेबलावर सापडत नसे, त्याचं कारण हे. तेव्हापासून नावावर शोध बंद केला. पावती क्रमांकावर शोधा, नाव फक्त छापायला ठेवा.

आता टेक. सगळ्यात महाग धडा इथलाच. पहिल्या आठवड्यात मी टेक साधंच ठेवलं होतं, ट्रान्झॅक्शनशिवाय (ट्रान्झॅक्शन म्हणजे अनेक क्रियांची मोट: झाल्या तर सगळ्या, नाहीतर एकही नाही). एके दिवशी दर लावणाऱ्या संगणकाने एंट्री उचलली, हिशेब सुरू झाला आणि लाइट गेली. एंट्री स्पेसमधून निघालेली होती आणि दराची नवी एंट्री अजून मांडलेली नव्हती. थोड्या वेळाने एक आजोबा टेबलाशी आले. “बाय, माजी चिठी खंय गेली? सात वाजल्यापासून हंय उभो आसंय.” त्यांची चिठी खरोखर कुठेच नव्हती. काट्यावरच्या वहीत पोराने सवयीने पेनने वजन लिहून ठेवलं होतं, म्हणून पैसे निघाले. त्या वहीला मी आधी हसले होते.

म्हणून टेक आणि पुढचं राइट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा. उचलणारा मध्येच मेला तर ट्रान्झॅक्शन रद्द होतं आणि एंट्री जागेवर परत दिसायला लागते. पण ते रद्द होणार कधी? त्याची मुदत संपल्यावर. तोवर एंट्री कोणालाच उचलता येत नाही. वेगवेगळ्या प्रणाली जोडणाऱ्या अपाची कॅमल या साधनाच्या दुसऱ्या मालिकेत जावास्पेसचा तयार घटक आहे. त्याच्या पत्त्यात टेक की रीड, ट्रान्झॅक्शन हवं की नको आणि एका वेळी किती ग्राहक, हे लिहिता येतं. मात्र मुदत न लिहिल्यास ती जवळपास अनंत धरली जाते. आमचा हिशेब दोन-चार सेकंदांत होतो. मी तीस सेकंद ठेवले. बँकेला कळवण्यासारखं बाहेरचं काम या ट्रान्झॅक्शनमध्ये येत नाही. तिथे पावती क्रमांक पाठवा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर पैसे सोडू नका.

एंट्री मांडताना लीजही, म्हणजे एंट्री किती काळ ठेवायची ती मुदत, मागायचं असतं आणि स्पेस मागितल्यापेक्षा कमी मुदत देऊ शकते. परत आलेलं लीज तपासा. आणखी एक, स्पेस फक्त मेमरीत चालतं की डिस्कवर लिहितं ते सुरुवातीलाच बघा. जिनीबरोबरचं आउटरिगर हे तयार स्पेस दोन्ही प्रकारे चालतं. मेमरीतलं चपळ असतं, पण आमच्याकडे लाइट दिवसातून दोनदा जाते, तेव्हा निवड करायला फार विचार लागला नाही.

क्रमाची अपेक्षा धरू नका. आधी मांडलेली एंट्री आधी निघेल असं स्पेस कुठेही वचन देत नाही. रांगेतल्या टेम्पोवाल्यांना हे समजावणं अशक्य आहे, त्यामुळे फाटकावरचा नंबर फील्डमध्ये ठेवला आणि ‘आता पुढचा नंबर’ सांगणारी एक वेगळी एंट्री केली. काटा ती उचलतो, एक वाढवतो, परत मांडतो. नोटिफायवरही, म्हणजे नवी एंट्री आल्याची सूचना देणाऱ्या सोयीवरही, विसंबू नका. सूचना वाटेत हरवू शकते. सूचना आली तर लगेच बघायचं, नाही आली तरी ठरावीक वेळाने टेक करायचंच.

उत्तर हवं असेल तर मागणीच्या एंट्रीत क्रमांक घाला आणि त्याच क्रमांकाच्या उत्तराच्या नमुन्यावर टेक लावून थांबा. तेच वर्तमान सगळ्यांना ऐकवायचं असेल, जसा आजचा दर, तर रीड वापरा. दर बदलताना जुनी एंट्री टेक करूनच नवी मांडा, नाहीतर अर्ध्यांना सकाळचा दर लागतो.

आज कोऱ्या कामाला मी हे निवडेन का? बहुधा नाही. जिनीचा पुढचा अवतार असलेला अपाची रिव्हर २०२२मध्ये निवृत्त झाला आणि साध्या रांगेला तयार क्यू पुरते. पण चालू असलेलं स्पेस कोणी तुमच्या गळ्यात घातलं, तर हंगाम संपल्यावर एक काम न चुकता करा. जावास्पेस ०५ या इंटरफेसमध्ये कंटेंट्स ही जुळणाऱ्या एंट्री नुसत्या दाखवणारी क्रिया आहे. त्याने उरलेल्या एंट्री टप्प्याटप्प्याने मोजा. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर मी मोजल्या तेव्हा ‘रिकामं’ टप्प्यावर तीन उरल्या होत्या. ते टेम्पो माल उतरवून रिकामं वजन न करताच घरी गेले होते.