काळ्या मातीवरची बागगाडी: मुरूम आखाजीला, रूळ दिवाळीनंतर

वैशाखात पंजा आत जाईल एवढ्या भेगा आणि श्रावणात तीच माती फुगून वर आलेली. खान्देशातल्या बागेत छोटी रेल्वे टाकताना खरी झुंज इंजिनाशी नसते, या जमिनीशी असते. गाडी घसरते, सांधे उघडतात, जिथे चढ नव्हता तिथे चढ येतो. यातल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ रुळाखालच्या वीतभर थरात सापडतं. काळी माती फुगायची ती फुगणारच, तिला अडवता येत नाही. ती सगळीकडे सारखी फुगेल एवढंच बघायचं असतं.

आधी माप ठरवा. पाचोरा-जामनेर, म्हणजे आपली पीजे, ही 762 मिमी गेजची (गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर) आणि सुमारे 56 किमी लांबीची लाइन होती. बागेतल्या गाड्यांसाठी जास्त चालणारे गेज दोन: 45 मिमी आणि 32 मिमी. 762 ला 45 ने भागलं की 17 च्या जवळ येतं, 32 ने भागलं की 24 च्या. म्हणजे 45 मिमी रुळांवर पीजे करायची तर सगळं 1:17 मध्ये. 170 सेंमी उंचीचा माणूस 10 सेंमीचा होईल. माथेरानची गाडी 610 मिमीची, ती 32 मिमीवर 1:19 मध्ये बसते. बाजारात जी-स्केल नावाने मिळणारे बरेच डबे 1:22.5 चे असतात. ते प्रमाण मीटरगेजचं. चालतात 45 मिमीच्याच रुळांवर, पण 1:17 च्या डब्याला जोडले की बुटके दिसतात. दोन्हींची सरमिसळ करू नका. पुढची सगळी मापं 45 मिमीसाठी आहेत. त्या मापात चाक मोठं असतं, वजन बऱ्यापैकी असतं आणि रुळावर एखादा खडा आला तरी निभावतं.

पहिल्या लाइनसाठी लंबगोल पुरे. दोन्ही टोकांना 1.5 मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ, मध्ये 6-6 मीटरचे दोन सरळ तुकडे: एकूण साडेएकवीस मीटर. साडेतीन मीटरची एक साइडिंग, म्हणजे गाडी बाजूला उभी करायची लाइन, धरली की पंचवीस. जागा 10 बाय 4 मीटर लागेल. त्रिज्या 1.2 मीटरच्या खाली नेऊ नका. लांब डब्याची चाकं तिथे रुळाला घासतात आणि अर्धी ताकद वळणातच खर्च होते. चढ 50 ला 1 पेक्षा जास्त नको, आणि तोही सरळ भागात. डाव्या वळणातून थेट उजव्या वळणात शिरायचं असेल तर मध्ये सर्वांत लांब डब्याएवढा सरळ तुकडा हवा. तो नसेल तर दोन डब्यांचे कपलिंग एकमेकांना बाजूला ढकलतात आणि हलका डबा खाली उतरतो.

मुरुमाचा थर

वेळ आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपासची. माती तेव्हा पुरती आकसलेली असते, भेगा उघड्या असतात, त्यामुळे पुढचा सगळा फुगवटा तुमच्या डोळ्यांसमोर होतो. जमीन दगडासारखी असेल तर दोन दिवस आधी पाणी सोडा. चुन्याने मार्ग आखा आणि 25 सेंमी रुंद, 20 सेंमी खोल चर घ्या. निघालेली काळी माती चराच्या काठावर ठेवू नका; पहिल्या पावसात ती परत आत येते.

तळात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या उसवून अंथरा. विणलेल्या गोणीतून पाणी जातं, पण माती वर येऊन मुरुमात मिसळत नाही. मल्चिंग पेपर इथे उपयोगाचा नाही, तो पाणीच अडवतो आणि चराचं हाळ होतं. गोणीवर 15 सेंमी मुरूम, पण एकदम नाही: पाच-पाच सेंमीचे तीन थर, प्रत्येक थर ओलवून धुमसाने ठोकायचा. पंचवीस मीटरला दाबलेला मुरूम साधारण 33 घनफूट लागतो. सुटा मुरूम बसतो म्हणून अर्धा ब्रास, म्हणजे 50 घनफूट मागवा. वरचे पाच सेंमी चुरीसाठी, म्हणजे क्रशरच्या बारीक खडीसाठी, रिकामे सोडा.

सखल टोकाला चराच्या तळातून दोन इंची पीव्हीसी पाइपने पाण्याला वाट काढून द्या. ही वाट राहिली तर बाकी सगळी मेहनत पाण्यात, अक्षरशः.

काँक्रीटचा मोह होतो. पाच सेंमीचा पातळ पट्टा ओतला तर काळ्या मातीवर तो एका पावसाळ्यात तडकतो आणि तडा गेला तिथे दोन-तीन मिमीची पायरी पडते. गाडीला तेवढी पायरी पुरते. मुरूम-चुरीचा थर मातीबरोबर सावकाश वरखाली होतो आणि बिघडला तर खुरपं घेऊन अर्ध्या तासात सरळ करता येतो.

आता पावसाळाभर त्याला हात लावू नका. दिवाळीपर्यंत जे बसायचं ते बसतं. मग खड्डे भरा आणि लेव्हल घ्या. त्यासाठी गवंड्याची पाण्याची नळी सर्वांत भरवशाची. दहा मीटरवरची दोन टोकं तिच्याइतकी चोख कोणतीच फूटभर पाणसळ दाखवत नाही.

स्लीपर आणि रूळ

पितळी रुळांचा तयार ट्रॅक उत्तम असतो, पण पंचवीस मीटरची किंमत ऐकून बरेच जण बेतच सोडतात. गाडी बॅटरीवर चालवणार असाल तर रुळातून वीज न्यायची नाही, मग रूळ पितळेचाच हवा असं काही नाही. 10 बाय 3 मिमीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लाकडी स्लीपरच्या खाचेत उभी बसवली की झाला रूळ. बारा फुटी पट्ट्या 15 घ्या. वजन साडेचार किलोच्या आत भरतं.

स्लीपर 90 मिमी लांब, 12 मिमी रुंद, 15 मिमी जाड. मीटरला 25 धरले तर 625 नग. एकेका नगाला खाच पाडत बसलात तर कोणतेही दोन सारखे येणार नाहीत. युक्ती अशी: 20 सेंमी रुंद, 15 मिमी जाड सागवानी फळी पाच मीटर घ्या. तिचे आडवे कापून 90 मिमीचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यावर लाकडाच्या रेषांना आडव्या अशा दोन खाचा पाडा: 3 मिमी रुंद, 4 मिमी खोल, आतल्या कडांमधलं अंतर नेमकं 45 मिमी. त्यानंतर तुकडा उभा चिरून 12-12 मिमीच्या पट्ट्या काढा. एका तुकड्यातून तेराएक स्लीपर निघतात आणि सगळ्यांचं गेज एकच. सुताराकडे गोल करवतीच्या टेबलावर हे एका दिवसाचं काम आहे. तुकडे लहान असल्याने पुढे ढकलायला काठीच वापरायची, बोटं नाही. खाच किती घट्ट? पट्टी बोटाने दाबून बसली पाहिजे आणि स्लीपर उलटा धरला तर पडता कामा नये. वळणावरच्या स्लीपरांना आतली अंतरं अर्ध्या मिमीने वाढवा.

स्लीपर अळशीच्या तेलात रात्रभर बुडवून आठवडाभर वाळवा. जळकं ऑइल स्वस्त पडतं आणि वाळवीही दूर ठेवतं, पण ते रुळावर चढतं आणि इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरू लागतात.

वळणाच्या पट्टीत एक गोम आहे. 3 मिमीची पट्टी दीड मीटर त्रिज्येत हाताने सहज वाकते, पण सोडली की पुन्हा सरळ. तशीच खाचांत बसवली तर प्रत्येक सांध्यावर टोकं बाहेर फाकतात आणि गोलाऐवजी बहुकोन तयार होतो. ती आधी जास्त वाकवून ठेवावी लागते. साधारण 80 सेंमी व्यासाच्या टाकीभोवती ओढून गुंडाळा, सोडा आणि जमिनीवर आखलेल्या कमानीशी ताडून बघा. माल कडक-मऊ असतो, म्हणून पहिला तुकडा चाचणीचा. आतला रूळ बाहेरच्यापेक्षा आखूड पडतो: अर्ध्या वर्तुळाला 15 सेंमी. तेवढा कापला नाही तर सांधे तिरके येतात.

आता ऊन. अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला 0.023 मिमी वाढतं. पौषातल्या पहाटे 10-15 अंशांवर असलेला रूळ मे महिन्यात भर दुपारी 65 च्या घरात जातो. बारा फुटी पट्टी तेवढ्यात चार मिमीवर वाढते. म्हणून ती मधून कापून सहा-सहा फुटी करा. मग सांध्यात दोन मिमीची फट पुरते, आणि 30 मिमीच्या चाकाला ती जाणवतही नाही. थंड सकाळी रूळ टाकत असाल तर दोन मिमीची फट ठेवा, फाल्गुनातल्या दुपारी टाकत असाल तर एक मिमीची. फट ठेवायला त्या जाडीचा वॉशर सांध्यात धरा आणि नट आवळल्यावर काढून घ्या. फट न ठेवलेली लाइन मेमध्ये सापासारखी वाकते, तीही नेमकी सरळ भागात.

सांध्याला बाहेरच्या अंगाने 40 मिमी लांब, 1 मिमी जाड पट्टी आणि दोन बोल्ट. आतल्या अंगाला काही नको, तिथून चाकाची कड जाते. पट्टीतली भोकं लांबट ठेवा, नट घट्ट करून पाव फेरा सैल सोडा. प्रत्येक सहा फुटी तुकड्याच्या मधल्या तीन स्लीपरांनाच एपॉक्सी लावा. बाकीच्यांतून रूळ सरकता राहू द्या. स्लीपर इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून खालून वायरिंगच्या कॅपिंगची पीव्हीसी पट्टी स्क्रूने मारा, वळणावर ती फूट-फूट लांबीत तोडून.

ट्रॅक मुरुमावर ठेवा, भोवती क्रशरची 2 ते 6 मिमी चुरी टाका. पंचवीस मीटरला अकरा घनफूट लागते, तेरा मागवा. नदीची वाळू नको: तिचे कण गोल, एकमेकांत अडकत नाहीत, स्लीपर त्यांवर तरंगत राहतात. चुरीला कोपरे असतात. ट्रॅक किंचित उचलून सळईने चुरी खाली ठासा. दोन्ही रुळांवर आडवी पाणसळ ठेवून तपासा. अर्ध्या मिमीचा फरक खपतो, दोन मिमीचा नाही.

साइडिंगचा फाटा साधा ठेवा. टोकदार जिभांऐवजी रुळांची शेवटची 35 सेंमी सुटी ठेवून जोडीच आडवी सरकवायची. सरक साधारण 7 मिमी. अणकुचीदार जीभ घासत बसायला नको आणि निंबोळी अडकायला जागाही कमी. सरकत्या टोकापुढे मात्र दोन मिमीची फट हवीच, नाहीतर एप्रिलनंतर फाटा हलणारच नाही. क्रॉसिंगच्या, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेच्या, समोर दोन्ही रुळांच्या आत 3 मिमी अंतरावर चेकरेल, म्हणजे चाक वाटेवर धरून ठेवणारी जादा पट्टी, लावा.

इंजिन

चाकांच्या पाठी-पाठीतलं अंतर 40 मिमी. लेथवाल्याला हे एक माप लिहूनच द्या. फाट्यावर घसरणाऱ्या बहुतेक चाकांत हेच चुकलेलं असतं. 35 मिमी व्यासाचं चाक आणि प्रत्यक्षातल्या ताशी 25 किमीशी जुळणारा वेग धरला तर चाक मिनिटाला 220 फेरे घेतं, म्हणून 12 व्होल्टची, 200 ते 250 आरपीएमची गिअर मोटर घ्या. 18650 मापाचे तीन लिथियम सेल मालिकेत, सोबत तीन सेलचा बीएमएस (सेल जपणारं सर्किट), 3 अँपियरचा फ्यूज, वेग कमी-जास्त करणारा पीडब्ल्यूएम कंट्रोलर आणि रिमोटसाठी 2.4 गिगाहर्ट्झचा रिसीव्हर. 2500 एमएएचचे सेल आणि पाऊण अँपियरचा खर्च धरला तर तीन तास गाडी चालते. लोडशेडिंगचा प्रश्नच उरत नाही.

थ्रीडी प्रिंट करून बॉडी काढणार असाल तर पीएलए प्लास्टिक घेऊ नका. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. इथे उन्हात ठेवलेलं काळं इंजिन त्याला सहज गाठतं आणि छत खाली बसतं. एबीएस वापरा. उन्हातून आणलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. 45 अंशांवर लिथियम सेल चार्ज करायचे नसतात. तासभर सावलीत राहू द्या. उन्हाळ्यात गाडी सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतर चालवा.

घसरली तर

एकाच जागी सगळे डबे घसरत असतील तर दोष रुळाचा. एकच डबा जागोजागी घसरत असेल तर त्याच्या चाकांचा. घसरलेल्या जागी खडूची खूण करत जा, दहा फेऱ्यांत चित्र स्पष्ट होतं. डबा हलका असेल तर तळात वजन घालून अर्ध्या किलोपर्यंत आणा.

सरळ भागात ट्रॅक एका अंगाला कलला, तर आधी ठिबकची नळी बघा. रुळाच्या एकाच बाजूला ड्रिपर असले की तेवढीच माती ओली राहते, फुगते आणि ती कड उचलली जाते. नळी दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर टाका, रुळापासून निदान हातभर. रुळालगत ऑफिसटाइम किंवा कोरफड लावा; केळ नको, तिचे मुनवे चराखालून वर येतात. कडुनिंबाखालून लाइन नेली असेल तर फाल्गुनात पाला आणि ज्येष्ठात निंबोळ्या रोज झाडाव्या लागतील. मऊ केसांचा रंगाऱ्याचा ब्रश त्याला पुरतो, खराटा चुरी उडवतो.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आठ दिवस गाडी काढू नका. मग नळीने लेव्हल घ्या, बसलेल्या जागी चुरी ठासा. हेच काम पोळ्यानंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. तिसऱ्या वर्षापासून दरवेळी एखादं घमेलं चुरी लागते, त्याहून जास्त लागली तर सखल टोकाचा पाइप तुंबलेला आहे.