वारंवारतेच्या अंगाने सर्किट सोडवताना या चुका टाळा

पुण्यातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी बुधवार पेठेतून १ किलोओहमचे रेझिस्टर आणि ‘१०४’ छापलेले, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आणतात, ब्रेडबोर्डवर लो-पास फिल्टर (कमी वारंवारतेचे संकेत जाऊ देणारे आणि जास्तीचे अडवणारे सर्किट) जोडतात आणि पुष्कळदा त्याची कटऑफ वारंवारता, म्हणजे जिच्यापुढे आउटपुट ठळकपणे घटू लागते ती, १०,००० हर्ट्झ धरतात. दोन्ही किमतींच्या गुणाकाराचा व्यस्तांक १०,००० येतो हे खरे, परंतु त्याचे एकक रेडियन प्रति सेकंद असते. त्याला दोन पायने भागले की सुमारे १,५९२ हर्ट्झ मिळतात. तेथे आउटपुट इनपुटच्या ०.७०७ पट असते, तर १०,००० हर्ट्झला ते जेमतेम ०.१६ पट उरते आणि मग दोष निर्दोष ऑसिलोस्कोपवर जातो.

याहून खोल, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची चूक म्हणजे असे दोन फिल्टर एकामागे एक जोडून त्यांच्या ट्रान्सफर फंक्शनांचा (प्रत्येक वारंवारतेला आउटपुट आणि इनपुट यांच्या गुणोत्तरांचा) सरळ गुणाकार करणे. त्या हिशेबाने १,५९२ हर्ट्झला आउटपुट निम्मे असायला हवे. प्रत्यक्षात ते एक तृतीयांश भरते, आणि तीन डेसिबल घट, म्हणजे आउटपुट ०.७०७ पट होणे, अपेक्षित १,०२४ हर्ट्झऐवजी ५९६ हर्ट्झच्या आसपासच दिसते. दुसरा टप्पा पहिल्या टप्प्यातून प्रवाह ओढतो, म्हणजे पहिल्यावर भार पडतो, आणि सुटा फिल्टर सोडवून काढलेल्या सूत्रात हा भार नसतो. दोन टप्प्यांमध्ये ऑप-अँपचा व्होल्टेज फॉलोअर (तेच व्होल्टेज पुढे देणारा, पण मागून जवळजवळ प्रवाह न ओढणारा टप्पा) घालावा, म्हणजे गुणाकार पुन्हा वैध ठरतो. तो नको असेल, तर दुसऱ्या टप्प्यात १० किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड वापरावेत. त्याच वारंवारतेला आउटपुट ०.४७६ पट, म्हणजे निम्म्याच्या अगदी जवळ येते. हे एकदा स्वतः मोजून पाहावे, कारण भाराची कल्पना कागदावर सहसा पटत नाही.

फेजरांच्या, म्हणजे परिमाण आणि कोन या दोहोंनी मांडलेल्या व्होल्टेज-प्रवाहांच्या, बेरजेत केवळ परिमाणे मिळवू नयेत: रेझिस्टरवर ३ व्होल्ट आणि त्याच्याशी एकसर जोडलेल्या कपॅसिटरवर ४ व्होल्ट असतील, तर स्रोत ७ नव्हे, ५ व्होल्टचा असतो. वेगवेगळ्या वारंवारतांचे फेजर तर एकत्र मिळवताच येत नाहीत. प्रत्येक वारंवारतेसाठी सर्किट स्वतंत्र सोडवून, उत्तरे कालफलनात (काळानुसार बदलणाऱ्या रूपात) आणल्यावरच बेरीज करावी. फेजराचा कोन काढताना कॅल्क्युलेटरवरही विसंबू नये, कारण वास्तव भाग उणे एक आणि काल्पनिक भाग अधिक एक असताना व्यस्त टॅन्जंट उणे ४५ अंश दाखवतो, खरा कोन मात्र १३५ अंश असतो.

उत्तर हाती आले की ते दोन टोकांना तपासावे: शून्य वारंवारतेला कपॅसिटर म्हणजे तुटलेली तार, अतिउच्च वारंवारतेला जोडलेली तार. लो-पास फिल्टरचे सूत्र शून्याला शून्य आउटपुट देत असेल, तर पुढची आकडेमोड थांबवून मांडणीच पुन्हा पाहावी.

मापन आणि गणित तरीही थोडे जुळत नसेल, तर ‘१०४’पुढचे अक्षर पाहावे. ते ‘के’ (K) असेल, तर किमतीत दहा टक्के कमी-जास्त चालते आणि केवळ तेवढ्याने कटऑफ १,४४७ ते १,७६८ हर्ट्झदरम्यान कोठेही येऊ शकते. म्हणून कपॅसिटर आधी एलसीआर मीटरवर (कपॅसिटरची खरी किंमत दाखवणाऱ्या उपकरणावर) मोजून तीच किंमत सूत्रात घालावी.