डोंगरकडेच्या वाडीसाठी वणवा-निधी कसा मिळवायचा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा या पट्ट्यात फेब्रुवारी ते मे हा वणव्याचा काळ. घरं वाचवायचा पैसा एका खात्यातून येत नाही, जुळवावा लागतो. आणि तो मागायची वेळ दिवाळीआधीची. मार्चमध्ये मंजुरी मिळाली तर डोंगर तोवर जळालेला असतो.

आधी घरांची यादी करा. घर बहुतेक वेळा ज्वाळेने नाही, उडत आलेल्या ठिणगीने पेटतं. ती कौलांच्या फटीत, पन्हळीतल्या सुक्या पाल्यात नाहीतर परड्यातल्या गंजीत पडते. म्हणून छप्पर कशाचं, जळण, शेणी, पिंजर भिंतीपासून किती लांब, टँकर दारापर्यंत येतो का, हे घरनिहाय लिहा. भिंतीलगत दीड मीटर जागा पूर्ण कोरी हवी, गंजी आणि जळण किमान दहा मीटर लांब. एवढ्याला निधी लागत नाही, हे घरच्यांनीच करायचं.

निधी लागतो जाळरेषेला, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्याला, आणि पाण्याला. आग चढाला धावते; उतार दर 10 अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे घराच्या खालच्या अंगाचा पट्टा वरच्यापेक्षा रुंद धरा.

ग्रामसभेच्या ठरावात ‘वणवा प्रतिबंधक कामे करणे’ एवढंच लिहिलं तर अंदाजपत्रकच करता येत नाही. गट नंबर, लांबी, रुंदी, कामाचा महिना लिहा आणि काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्या. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी-स्वच्छतेसाठी असतो. म्हणून टाकी नळपाणी योजनेच्या कामातच धरा आणि तिला टँकर भरण्यासाठी 63 मिमीचा वेगळा आउटलेट अंदाजपत्रकातच मागा. नंतर तो जोडायला कुणी पैसे देत नाही. ब्लोअर (पाला उडवायचं यंत्र) आणि अवजारांसाठी अबंधित, म्हणजे ठरावीक कामाची अट नसलेल्या, निधीतून मागणी करा.

वनजमिनीवर पंचायतीने परस्पर पट्टा काढू नये. संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा ठराव वनक्षेत्रपालांकडे द्या; वन विभागाला वणव्यासाठी केंद्राच्या योजनेतून 60:40 प्रमाणात (केंद्र 60, राज्य 40) पैसे येतात. अभयारण्यालगतच्या गावांनी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गॅस मागावा. जळणाचा ढीग कमी होणं हीच मोठी सुरक्षा. डोंगर मालकीचा असेल तर प्रत्येक खातेदाराचं संमतीपत्र आधी घ्या, एका सहीसाठी अख्खी रेषा तुटते.

काम डिसेंबर-जानेवारीत, गवत वाळल्यावर करा. कापलेलं गवत पट्ट्यातच पडू दिलं तर आग त्यावरूनच पलीकडे जाते. ते त्याच दिवशी उचला. रेषेवर पाला पुन्हा साचतो, त्यामुळे मार्चमधल्या एका फेर सफाईची मजुरीही अंदाजपत्रकात धरा. बिलासाठी कामाआधीचे आणि नंतरचे फोटो त्याच जागेवरून काढा, हजेरीपत्रक जोडा. आग दिसली तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक लावा.