आठवी-नववीच्या वर्गाला आहार शिकवताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त वाट लागते ती कांदेपोह्यांची. सोपा पदार्थ म्हणून निवडतात आणि ३५ मिनिटांच्या तासिकेत बसावा म्हणून पोहे आधीच बादलीत भिजवून ठेवतात. मग दोन किलो पोहे एकाच कढईत. बाई परततात, पहिली रांग बघते, मागची रांग गप्पा मारते आणि ताटलीत येतो लगदा. वर ठरलेलं वाक्य: "या वेळी पोहेच हलके निघाले."

पोह्यांचा काही दोष नसतो. साळ भिजवून, भाजून चपटी केलेली असते, त्यामुळे पोहे झटकन पाणी पितात. जाडे पोहे चाळणीत घालून अर्धा मिनिट नळाखाली धरायचे आणि दहा मिनिटं निथळत ठेवायचे, बस्स. तेवढ्यात कांदा चिरून होतो. पोहा दोन बोटांत दाबला की मोडावा, पण बोटाला चिकटू नये. पाच मुलांच्या गटाला पाव किलो पोहे, दोन मध्यम कांदे, तीन टेबलस्पून तेल. फोडणी मुलांनीच करायची, वाफ मंद आचेवर तीन मिनिटं. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळायचं: क जीवनसत्त्व आचेवर कमी होतं आणि पोह्यातलं लोह अंगी लागायला तेच हवं असतं. शेगड्या दोनच असतील तर दोन गट शिजवतील, बाकीचे पाकिटांवरची लेबलं वाचतील, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. जोडतासिका मागून घ्या. वेळापत्रक करणारे कुरकुरतात, कुरकुरू द्या.

दुसरं दुखणं मापांचं. 'दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ' हे सगळ्यांना पाठ असतं, ५ ग्रॅम दिसतं किती ते कुणालाच माहीत नसतं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा वर्गात हवाच. प्रत्येकाने अंदाजाने मीठ काढायचं, मग मोजायचं. त्यानंतर लेबल: सोडियमला २.५ ने गुणलं की मीठ मिळतं. १०० ग्रॅमला १००० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल, तर ७० ग्रॅमच्या पाकिटात पावणेदोन ग्रॅम मीठ झालं. हे गणित मुलांनी स्वतः केलं तरच लक्षात राहतं. पीपीटीवरचं उत्तर परीक्षेपुरतं.

फळ्यावर 'पालक = लोह' लिहून मोकळं होऊ नका. १३ ते १५ वयाच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागतं, मुलाला २२ (आयसीएमआर-एनआयएन, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पोषण संस्था, २०२०). पालकातल्या लोहापैकी थोडंच शोषलं जातं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. चहा तासाभराने घ्या, हे सांगायला विसरतात.

मोड आलेली मटकी सोमवारी दाखवायची आणि भिजवायची आठवण रविवारी रात्री! थंडीत शनिवारी रात्री भिजवा, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. उकाड्यात रविवारी सकाळी भिजवली तरी चालतं, नाहीतर वास येतो.

वर्गासमोर कुणाचं वजन मोठ्याने वाचू नका. कधीच नाही.

मुलांच्या हाती बोथट सुरी 'सुरक्षित' म्हणून देतात. ती घसरते आणि बोटावर येते. सुरी धारदार द्या, बटाटा आधी अर्धा कापून सपाट बाजू खाली ठेवायला लावा.

आणि भांडी. ती मुलींनी घासायची आणि मुलांनी सिलिंडर हलवून मोकळं व्हायचं, अशी वाटणी आपोआप होते. चिठ्ठ्या टाका. चिठ्ठी बदलून मिळणार नाही.