थार गाडीत मूळ बॅटरीच्या जोडीला लिथियम बॅटरी बसवताना

कॅम्पवर फ्रीज आणि दिवे चालवायला 100 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते. ती बॉनेटखाली नकोच, तिथल्या उष्णतेत आयुष्य घटतं. मी मागच्या सीटमागे, फ्लोअरला लोखंडी पट्टीने आवळून बसवतो.

आधी मूळ बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिनवर चालणाऱ्या जनित्रावरून, म्हणजे अल्टरनेटरवरून, थेट जोडणी करू नका: रिकामी लिथियम एवढा करंट ओढते की अल्टरनेटर जळू शकतो. मधे 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (करंट मर्यादेत ठेवून लिथियम चार्ज करणारा), 16 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत फ्यूज. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) घालाच. कच्च्या रस्त्यावर इन्सुलेशन नेमकं तिथेच घासतं. वायरच्या टोकाला दाबून बसवलेली (क्रिंप केलेली) धातूची लग जोरात ओढून बघा, मगच त्यावर इन्सुलेशनची स्लीव्ह चढवा.

स्पितीला जाणार? मग शून्य अंशाखाली चार्जिंग तोडणारा बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट) असलेलीच बॅटरी घ्या.