फुटबॉल मॅनेजरमध्ये आक्रमण आणि बचाव यांचा मेळ कसा घालावा

फुटबॉल मॅनेजर या व्हिडिओ गेममध्ये गोल भरपूर होतात, पण तितकेच खावेही लागतात, असं झालं की बहुतेक जण आधी मेन्टॅलिटी (संघाने किती जोखीम घेऊन खेळायचं ती पातळी) खाली आणतात. त्याने पासमधली जोखीम, टेम्पो, रुंदी, बचावफळीची उंची, प्रेसिंग (चेंडू असलेल्यावर दबाव) असं सगळंच एकदम हलतं आणि नेमकं भोक कुठे आहे ते कळतच नाही. आधी एवढंच ठरवा: चेंडू गेला त्या क्षणी आपले किती जण मागे उभे असतील? पुढचं सगळं २०२४ च्या आवृत्तीला धरून आहे. २६ च्या आवृत्तीत ड्युटी (खेळाडूने बचाव, साथ की आक्रमण करायचं ती सूचना) काढून टाकल्या आहेत आणि चेंडू असतानाचे व नसतानाचे रोल वेगळे देता येतात, पण मोजणी हीच करायची.

मेन्टॅलिटी ‘बॅलन्स्ड’ ठेवा. रचना ४-३-३ घ्या, मधल्या तिघांपैकी एक डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. आता दहा जणांना ड्युटी वाटा.

डिफेन्ड चौघांना: दोन्ही सेंटर बॅक, डावा फुलबॅक आणि अँकर, म्हणजे तो डिफेन्सिव्ह मिडफिल्डर.
सपोर्ट तिघांना: उजवा बॉक्स-टू-बॉक्स (दोन्ही पेट्यांमध्ये धावणारा) मिडफिल्डर, डावा विंगर, उजवा इन्व्हर्टेड विंगर.
अटॅक तिघांना: उजवा विंगबॅक, डावा मेझाला (मधून कडेकडे सरकत पुढे जाणारा मिडफिल्डर), ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड.

उजवा विंगर आत येतो, रिकामी झालेली कड विंगबॅक घेतो. डावा फुलबॅक वर जात नाही, त्यामुळे मागे तिघांची फळी राहते आणि तिच्यापुढे अँकर.

आता उजव्या मिडफिल्डरच्या जागी मेझाला अटॅक घालून बघा. विंगबॅक वर गेलेला, मेझालाही वर. चेंडू सुटला की प्रतिस्पर्ध्याचा डावा विंगर मोकळ्या जागेत धावत सुटतो. त्याला अडवायला उजवा सेंटर बॅक कडेला ओढला जातो, मध्ये खिंडार पडतं आणि क्रॉसवर गोल. सामन्यानंतर रेटिंग घसरलेलं दिसतं ते बिचाऱ्या सेंटर बॅकचं, आणि खेळणारा त्यालाच विकायला काढतो. एकाच बाजूच्या फुलबॅकला आणि मिडफिल्डरला, दोघांनाही अटॅक ड्युटी देऊ नका. बरेच गोल याच चुकीने बसतात.

मग डिफेन्सिव्ह लाइन (बचावफळी किती वर उभी राहते) आणि लाइन ऑफ एंगेजमेंट (प्रेसिंग कुठून सुरू होतं). दोन्ही सहसा सारख्याच पातळीवर ठेवा. लाइन खोल आणि प्रेसिंग उंचावर असेल तर मधल्या फळीत मैदान मोकळं पडतं. उलट लाइन उंच आणि प्रेसिंग खाली असेल, तर समोरच्याला मान वर करून डोक्यावरून पास टाकायला वेळ मिळतो. लाइन उंच ठेवण्याआधी सेंटर बॅकचे पेस, ॲक्सिलरेशन आणि अँटिसिपेशन समोरच्या स्ट्रायकरशी ताडून पाहा. पेस (२० पैकी) ९ चा सेंटर बॅक १५ च्या स्ट्रायकरमागे धावून पोचत नाही.

काउंटर-प्रेस (चेंडू गेला की लगेच परत मिळवायला धावणं) तेव्हाच लावा जेव्हा पास आखूड आहेत आणि माणसं जवळजवळ आहेत. लांब पास खेळत असाल तर चेंडू गेल्यावर आसपास आपलं कोणीच नसतं. तिथे ‘रीग्रुप’ (मागे येऊन रचना धरणं) बरं.

१-० ने पुढे असताना ७५ व्या मिनिटाला थेट ‘व्हेरी डिफेन्सिव्ह’ करू नका. सगळा संघ पेटीत जाऊन बसतो, बाहेर काढलेला प्रत्येक चेंडू परत त्यांच्याच पायात जातो. मेन्टॅलिटी एकच पायरी खाली, म्हणजे ‘कॉशस’ करा, विंगबॅकची ड्युटी सपोर्ट करा, टेम्पो थोडा उतरवा, पण ‘काउंटर’ (चेंडू मिळताच झटपट प्रतिहल्ला) चालू ठेवा आणि ताज्या दमाचा, वेगवान स्ट्रायकर उतरवा. समोरच्या बचावपटूंना मागे राहावंच लागेल.

एका वेळी एकच बदल करा आणि चार-पाच सामने खेळून बघा. हायलाइट्स ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ ठेवा. गोल बसला की रीप्ले मागे न्या, चेंडू सुटतो तिथे थांबवा आणि चेंडूच्या मागे असलेले आपले खेळाडू मोजा, गोलरक्षक सोडून. तीन किंवा कमी असतील तर ड्युटी बदला. पाच असूनही गोल झाला असेल, तर टॅक्टिकला हात लावू नका; कोणाचा माणूस सुटला ते पाहा.